अंबाडी, रातांबे, जांभूळ आणि टायटॅनिया: वनस्पतिरंगाचा सौर सेल ठाण्यात कसा करावा

सेलसाठी वनस्पतिरंग निवडताना त्याचा गडदपणा सगळ्यात शेवटी बघावा. तो रंग टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पुडीच्या) कणाला रासायनिक बंधाने धरून राहतो का, हे आधी बघावं. विज्ञान प्रदर्शनांत बीट, पालक, हळद, जास्वंद असं हाताला येईल ते वाटून केलेले सेल दिसतात. मल्टिमीटरवर काहीतरी आकडा येतो, टाळ्या होतात, आणि तो आकडा रंगामुळे आला की नुसत्या टायटॅनियामुळे, हे कुणी विचारत नाही. पुढची सगळी कृती त्या प्रश्नाचं उत्तर मिळावं अशा बेताने लिहिली आहे. कॉलेजची प्रयोगशाळा हाताशी असलेल्या बारावीच्या किंवा बीएस्सीच्या मुलांना ती पूर्ण करता येईल. भट्टीचं काम सोडलं तर बाकीचं बरंचसं घरच्या टेबलावरही होतं.

आधी थोडं तत्त्व

१९९१ मध्ये ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून रंगद्रव्याच्या आधारे चालणारा सौर सेल प्रसिद्ध केला. त्याला डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेल किंवा ग्रेट्झेल सेल म्हणतात. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटॅनिया, हा पांढरा अर्धवाहक आहे. त्याच्या अ‍ॅनाटेज रूपातली ऊर्जेची फट सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते, म्हणून साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, अतिनील प्रकाशच तो शोषतो. डोळ्यांना दिसणारा सगळा उजेड त्याच्या दृष्टीने वाया जातो. तो उजेड पकडायचं काम रंगद्रव्य करतं. प्रकाश पडला की रंगाच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उत्तेजित होऊन टायटॅनियात उडी घेतो, तिथून वाहक काचेवर, मग बाहेरच्या तारेतून समोरच्या काचेवर. रंगाच्या रेणूत पडलेली इलेक्ट्रॉनची तूट मधल्या द्रावणातला आयोडाइड भरून काढतो, आणि आयोडाइडला त्याचा इलेक्ट्रॉन कार्बन लावलेल्या समोरच्या काचेवर परत मिळतो. अशी फेरी चालू राहते.

यात नॅनोकण कशाला? सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकच रेणूभर थर बसवला तर तो प्रकाशाचा एक टक्काही जेमतेम शोषतो. थर जाड करून उपयोग नाही, कारण टायटॅनियाला न चिकटलेला रेणू इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. मात्र २० नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांचा १० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र थर केला, की तेवढ्याच जागेत पृष्ठभाग सुमारे हजारपट होतो, आणि प्रत्येक कणावर एकेरी थरानेच रंग बसूनही काच गडद दिसते.

कोणता रंग घ्यावा

फुलाफळांतल्या लाल-जांभळ्या रंगांना अँथोसायनिन म्हणतात. त्यांपैकी सायनिडिन आणि डेल्फिनिडिन या जातींच्या रेणूंत दोन हायड्रॉक्सिल गट अगदी शेजारी-शेजारी असतात आणि ते टायटॅनियमच्या अणूला चिमट्यासारखे धरतात. ही पकड रासायनिक असते. ती बसली की रंगही बदलतो: आम्लात लालभडक दिसणारा अर्क पांढऱ्या थरावर जांभळा होतो. ते पालटणं हीच तुमची पहिली चाचणी.

लाल अंबाडीची मांसल बोंडं माझ्या मते सुरुवातीला सर्वांत चांगली. त्यांत डेल्फिनिडिन आणि सायनिडिन दोन्ही आहेत, सुकवून वर्षभर ठेवता येतात, आणि ताजी मिळाली नाहीत तर ‘हिबिस्कस चहा’ या नावाने हीच सुकी बोंडं विकत मिळतात. पाकिटावर घटक मात्र वाचा. त्यात साखर, फ्लेवर किंवा दुसरी पानं नकोत.

कोकम आपल्या घरातलं, त्यामुळे मोह होणारच. त्यातही सायनिडिन आहे. पण बाजारातलं आमसूल आणि आगळ मिठाचं असतं, अमृत कोकम साखरेचं. साखर वाळली की छिद्रं बुजतात, आणि मीठ म्हणजे नको असलेले आयन. एप्रिल-मे मध्ये कोकणातून ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात तेव्हा ते घ्यावेत, साल सावलीत वाळवावी. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमध्ये चौकशी करून बिनमिठाची सुकी साल मिळाली तरी चालेल. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असतं आणि त्याचे कार्बॉक्सिल गटही टायटॅनियाला चिकटतात, म्हणजे रंगाशी जागेसाठी त्याची स्पर्धा होते. अंबाडीतही याच जातीचं आम्ल आहे. अर्कात लिंबू पिळू नये असं मी सांगतो ते याच कारणाने.

जांभळाचा हंगाम मेच्या अखेरीपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत. बदलापूर आणि पालघरकडच्या बहाडोलीची जांभळं जांभळीनाक्याच्या बाजारापर्यंत पोचतात. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०१७ साली जांभळाच्या रंगावर असा सेल करून दाखवला होता. जांभळात डेल्फिनिडिनबरोबर माल्व्हिडिनही असतं, आणि माल्व्हिडिनमध्ये एका हायड्रॉक्सिलच्या दोन्ही बाजूंना मेथॉक्सी गट बसलेले असल्यामुळे तेवढा भाग नीट धरत नाही. फक्त साल वापरा, गर नको.

गोकर्णाचा निळा रंग बघितला की हात तिकडेच जातो. इथेच पकडीचा मुद्दा स्वच्छ दिसतो. थायलंडमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये अंबाडी आणि गोकर्ण यांचे सेल शेजारी ठेवून मोजले: अंबाडीची कार्यक्षमता ०.३७ टक्के, गोकर्णाची ०.०५ टक्के, आणि दोन्ही मिसळल्यावर ०.१५ टक्के. गोकर्णाच्या रेणूला मोठाल्या बाजूच्या शाखा असतात, त्या टायटॅनियाजवळ जायला अडथळा करतात. मिश्रणात आकडा अंबाडीच्याही खाली गेला, म्हणून ‘सगळे रंग एकत्र केले की सगळा प्रकाश पकडू’ हा विचार सोडून द्यावा.

पालकातल्या हरितद्रव्याला मोकळा कार्बॉक्सिल गट नसतो, त्यामुळे ते थरावर टिकत नाही. अल्कलीने त्याचं क्लोरोफिलिन केलं तर चिकटतं. हळद चिकटते, पण उन्हात झपाट्याने उडते. बीटचा रंग उष्णतेला नाजूक. जास्वंदीत सायनिडिन आहे, सोसायटीच्या आवारातली फुलं चालतील. येऊरच्या जंगलातून मात्र काहीही तोडू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे पान तोडणंही गुन्हा आहे.

सामान

वाहक काच हा एकमेव खरा खर्च. फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा लेप असलेली, एफटीओ नावाची काच मागा, रोध १० ते १५ ओहम प्रतिचौरस. आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइडचा लेप असलेली) काच स्वस्तात मिळाली तरी नको, कारण ३०० अंशांच्या वर तापवली की तिचा रोध वाढतो आणि आपल्याला ४५० अंशांपर्यंत जायचं आहे. २.५ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे विकत घ्यावेत, स्वतः कापू नयेत.

टायटॅनिया ‘पी-२५’ या प्रकाराचा घ्या: सुमारे २१ नॅनोमीटरचे कण, त्यांत साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज. रंगाच्या दुकानातली टायटॅनियमची पांढरी पूड चालत नाही. ते कण दोन-तीनशे नॅनोमीटरचे असतात, प्रकाश विखुरतात म्हणून पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यांना पृष्ठभाग फारच थोडा असतो. झिंक ऑक्साइडही नको. वनस्पतींचे अर्क आम्लधर्मी असतात आणि त्यांत तो विरघळायला लागतो.

रसायनं आणि काचसामान मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, मल्टिमीटर आणि पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलता येणारा सुटा भाग) लॅमिंग्टन रोडला. शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो, म्हणून आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या. याशिवाय पोटॅशियम आयोडाइड, आयोडीन, इथिलीन ग्लायकॉल, पांढरं व्हिनेगर, डिस्टिल्ड वॉटर, खल-बत्ता, पारदर्शक चिकटपट्टी, ६बी पेन्सिल, बाइंडर क्लिपा.

सुरक्षेचं आत्ताच सांगतो. टायटॅनियाची कोरडी नॅनोपूड श्वासात जाऊ देऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या २-ब गटात ठेवली आहे. पूड तोलताना एन-९५ मास्क, पंखा बंद, आणि सांडली तर झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपायची. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, लहान मुलं आणि मांजरं-कुत्री यांच्यापासून दूर ठेवा. चष्मा आणि हातमोजे शेवटपर्यंत.

पेस्ट आणि थर

५ मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला. ६ ग्रॅम टायटॅनिया खलात घेऊन हे पाणी एकेक मिलिलिटर घालत घोटायचं. पुढचा मिलिलिटर आधीचा पूर्ण मुरल्यावरच. एकूण ९ मिलिलिटर लागेल आणि अर्धा तास तरी घोटावं लागेल. ही घाईची जागा नव्हे. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या असतात, त्या घोटण्यानेच सुटतात, आणि राहिलेली प्रत्येक गुठळी पुढे थरातली भेग होते. शेवटी भांडी घासायच्या पारदर्शक लिक्विडचा एक थेंब घालून फेस न होईल असं हलवा, आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

काचेची वाहक बाजू मल्टिमीटरने शोधा. जिथे दहा-वीस ओहम असा थोडाच रोध दाखवेल ती बाजू वर. आयसोप्रोपाइलने पुसून, कडांना चार-पाच मिलिमीटर झाकतील अशा चिकटपट्ट्या लावा. पट्टीची जाडीच ओल्या थराची जाडी ठरवते. पेस्टचे दोन-तीन थेंब वरच्या कडेला टाकून काचेची कांडी एका दमात खाली आणि परत वर ओढा. मनासारखा आला नाही तर पुसून नव्याने करा, ओल्या थरावर डागडुजी करू नका. झाकून पंधरा मिनिटं वाळू द्या, मग पट्ट्या काढा.

आता भट्टी. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मफल फर्नेस असते, ती नसेल तर मातीकाम शिकवणाऱ्या स्टुडिओची विजेची भट्टी विचारून बघा. हळूहळू ४५० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन अर्धा तास ठेवायचं. वाटेत थर तपकिरी होतो, कारण साबण आणि व्हिनेगरचे अवशेष जळतात, आणि मग पुन्हा पांढरा होतो. पांढरा झाला म्हणजे कण एकमेकांना जोडले गेले. भट्टी बंद करून काच आतच निवू द्यावी. बाहेर ओढली तर तडकते.

इथे आपल्या हवेचा विचार करावाच लागतो. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि नवी मुंबईत हवा ओलीचिंब असते, आणि हा सच्छिद्र थर हवेतलं पाणी ओढून घेतो. छिद्रांत पाणी बसलं की रंगाला जागा राहत नाही. म्हणून काच साठ-सत्तर अंशांपर्यंत उतरली की कोमट असतानाच रंगात घालायची. लगेच घालणं शक्य नसेल तर सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद डब्यात ठेवून रंगात घालण्याआधी पुन्हा तापवून घ्यायची. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते मे या काळात ठरवा.

अर्क आणि भिजवणं

अंबाडीची १० ग्रॅम सुकी बोंडं भरड करून ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर आयसोप्रोपाइल यांच्या मिश्रणात घाला. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून पीएच २ च्या आसपास आणा. अँथोसायनिन आम्लातच लाल आणि स्थिर राहतं, आम्लता कमी झाली की जांभळं, निळसर होत शेवटी पिवळं पडून मोडतं. बाटलीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून काही तास ठेवा. उकळू नका. मग फिल्टर पेपरमधून दोनदा गाळा, तळाचा गाळ थरावर बसता कामा नये. रातांबे आणि जांभळाच्या सालीलाही हीच कृती.

काच थर वर ठेवून अर्कात बुडवा, ज्योत जवळपास नको. काही मिनिटांतच रंग चढायला लागतो. मी अर्धा तास किमान म्हणतो, रात्रभर फ्रिजमध्ये अंधारात ठेवली तर उत्तम. बाहेर काढून आधी पाण्याने, मग आयसोप्रोपाइलने धुवा. या धुण्याकडे नीट लक्ष द्या. धुऊनही जो जांभळा रंग राहिला तो चिकटलेला, जो वाहून गेला तो नुसता अडकलेला. प्रत्येक वनस्पतीसाठी काच धुण्याआधी आणि नंतर एकाच उजेडात फोटो काढून ठेवावा. पालकाच्या काचेचा धुतल्यानंतरचा फोटो बघितलात की वरचा सगळा युक्तिवाद डोळ्यांना पटतो.

त्याच वेळी एक काच रंगात न घालता तशीच पांढरी ठेवा. तिचाही सेल करायचा आहे.

द्रावण, कार्बन, जोडणी

१० मिलिलिटर इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१२७ ग्रॅम आयोडीन विरघळवा. यात पाणी अजिबात नको, पाण्याने रंग थरावरून सुटतो. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन म्हणूनच वापरू नये. त्याने पहिली पाच मिनिटं आकडा येतो आणि मग उतरतच जातो.

दुसऱ्या काचेची वाहक बाजू ६बी पेन्सिलने सलग काळी करा. रंगवलेली काच केसवाळवणीच्या यंत्राने हलकी कोरडी करून, थरावर कार्बनची बाजू येईल अशी दुसरी काच ठेवा. दोन्ही काचा थोड्या सरकवलेल्या असाव्यात, म्हणजे क्लिपा लावायला दोन कडा मोकळ्या राहतात. दोन बाइंडर क्लिपांनी दाबा. फटीशी द्रावणाचे एक-दोन थेंब सोडा, क्लिपा आळीपाळीने किंचित सैल करा, द्रावण आपोआप आत ओढलं जातं. कडेचं जादा पुसून टाका, नाहीतर मगरक्लिपा गंजतील.

मोजमाप

थराची काच सूर्याकडे. तीच ऋण बाजू, कार्बनची धन. चांगल्या उन्हात ०.३ ते ०.५ व्होल्ट यावा आणि प्रवाह प्रतिचौरस सेंटिमीटर एका मिलिअँपिअरच्या आगेमागे किंवा त्याहून कमी. नुसता व्होल्टेज सांगून थांबू नका, कारण उघड्या टोकांचा व्होल्टेज कच्च्या सेलमध्येही बरा येतो. ५ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर जोडून तो फिरवत व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या जोड्या लिहा, प्रत्येकीचा गुणाकार करा. सर्वांत मोठा गुणाकार म्हणजे सेलची कमाल शक्ती. समजा १ चौरस सेंटिमीटरच्या सेलमधून कमाल ०.२ मिलिवॅट मिळाले. भर उन्हात तेवढ्या जागेवर सुमारे १०० मिलिवॅट पडतात, म्हणजे कार्यक्षमता ०.२ टक्के. घरच्या वनस्पतिरंगाला हा आकडा सन्मानाचा आहे. ब्लॅकबेरीच्या अँथोसायनिनवर ग्रेट्झेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मिळवलेला आकडा ०.५६ टक्के होता.

ऊन किती आहे हे अंदाजाने लिहू नये. लहान सिलिकॉन पॅनेल शेजारी ठेवून त्याचा शॉर्ट-सर्किट प्रवाह (दोन्ही टोकं थेट मीटरला जोडल्यावर येणारा) मोजा. पॅनेलवर छापलेला आकडा प्रतिचौरस मीटर १००० वॅट उन्हासाठी असतो, त्याच्या प्रमाणात आजचं ऊन निघतं. सेलच्या क्षेत्राएवढी खिडकी कापलेला काळा कागद वर ठेवा, नाहीतर कडेने शिरलेला प्रकाश आकडा फुगवतो. ठाण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सेल आडवा ठेवला तरी चालतो. इतर महिन्यांत सूर्याकडे कलता धरा.

आणि आता ती पांढरी काच. तिचा सेल उन्हात धरलात तर तोही थोडा प्रवाह देतो, तो अतिनील किरणांमुळे. तुमच्या रंगाची कमाई म्हणजे रंगीत सेलच्या आकड्यातून हा वजा केलेला आकडा. दोन्ही सेलांवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा धरून परत मोजा. तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो, पांढऱ्याचा प्रवाह कोसळतो आणि रंगीताचा बराचसा राहतो. प्रदर्शनात परीक्षकांना एकच गोष्ट दाखवायची असेल तर ही दाखवा. हाच पत्रा कायम ठेवला तर रंगही जास्त टिकतो, कारण अतिनील प्रकाशात टायटॅनिया स्वतःच रंगाचे रेणू तोडतं.

व्होल्टेज शून्य असेल तर बहुधा थराच्या भेगेतून कार्बन समोरच्या काचेला टेकला आहे. व्होल्टेज ठीक पण प्रवाह नगण्य असेल तर रंग धरलेला नाही किंवा द्रावण आत पोचलं नाही. प्रवाह बघता बघता उतरत असेल तर पाणी शिरलं आहे. चार-पाच सेल एकापुढे एक जोडले की दीड व्होल्टवरचा साधा कॅल्क्युलेटर चालतो. एलईडीला जास्त प्रवाह लागतो, त्याच्या मागे लागू नका.

प्रकाश बघायचा असेल तर

रंग कोणता उजेड खातो हे बघायला जुन्या डीव्हीडीच्या तुकड्याचा वर्णपटदर्शक पुरतो. त्यावरच्या रेषा ०.७४ मायक्रॉन अंतरावर असतात. जुन्या सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषांवरून मोजपट्टी बसवा, मग अर्क आणि रंगलेली काच आळीपाळीने मध्ये धरा. अर्कात हिरव्या भागात पडलेली सावली काचेत लालकडे सरकलेली दिसते. नेमका आलेख हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात.

चांदीचे नॅनोकण घालून प्रकाश वाढवावा असं बऱ्याच जणांना सुचतं. ०.०१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये घेऊन तुळशीच्या पानांचा गाळलेला काढा थोडा-थोडा घातला की द्रावण पिवळसर, मग तपकिरी होतं, आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास ते प्रकाश शोषतं. हा प्रयोग वेगळा करावा. ते कण उघडे सेलमध्ये गेले तर आयोडीन त्यांना गंजवून सिल्व्हर आयोडाइड करतं. प्रगत प्रयोगशाळांत त्यांच्यावर आधी सिलिकाचं कवच चढवतात.

उरलेलं आयोडीनचं द्रावण, चांदीचं पाणी आणि टायटॅनियाचे धुवण मोरीत ओतू नका. आपले नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत, नाव आणि तारीख लिहून, कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. काचा आयसोप्रोपाइलने धुऊन पुन्हा ४५० अंशांवर तापवल्या की रंग जळून जातो आणि तोच थर पुढच्या वनस्पतीसाठी वापरता येतो. पुढची म्हणून शेंद्री घ्या. तिच्या बियांवरच्या बिक्सिनला स्वतःचा कार्बॉक्सिल गट आहे, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून अर्क नुसत्या अल्कोहोलमध्ये काढायचा, आणि धुण्याची चाचणी अंबाडीला केली तशीच करायची.